ऑरिला मार्शचं पत्र

१

कपाट बंद होतं, कुलूप शाबूत होतं आणि पत्र मात्र जागेवर नव्हतं.

एनॉस व्हिटलॉकने खालचा कप्पा तीनदा उपसला. जुन्या शाळेच्या या खोलीत बटरनट फोर्ड गावाचा सगळा भूतकाळ त्याने स्वतःच्या हाताने लावून ठेवला होता. पहिल्या गिरणीचा नकाशा, पुराच्या नोंदी, गेलेल्या माणसांच्या हकिकतींनी भरलेल्या नऊ वह्या. सगळं जागच्या जागी होतं. फक्त पत्र्याच्या चपट्या डब्यात त्या पत्राला बांधलेली फीत तेवढी उरली होती. नेणाऱ्याने ती ओढून तोडली नव्हती. गाठ सोडवून, फितीची नीट घडी घालून डब्यात परत ठेवली होती.

तो मंगळवार होता, सप्टेंबर १८९१ मधला. येत्या शनिवारी आद्य रहिवासी दिन. त्या दिवशी चौकात ग्रॅनाइटचा दगड उभा राहणार होता आणि या खोऱ्यात वस्तीला आलेल्या पहिल्या बाईचं नाव त्यावर असणार होतं. नाव कुणाचं, यावरून गावात अकरा वर्षं धुसफूस चालली होती. ड्रुसिला पेटिबोन म्हणायची, सत्तेचाळीस साली नवी नवरी म्हणून मी बैलगाडीतून इथे उतरले, तेव्हा चिमणीसुद्धा नव्हती. आद्य रहिवासी मंडळाचा अध्यक्ष, चर्चचा डीकन ओबेड स्ट्रॉ म्हणायचा, माझी आई तिच्याही आधीची. दोन्ही घरं चर्चमध्ये एका बाकावर बसत नसत.

मग जुलैत कनेटिकटहून हे पत्र आलं. एनॉसने त्यासाठी कितीतरी वर्षं अनोळखी लोकांना पत्रं लिहिली होती. सभेत तो एवढंच म्हणाला होता की उत्तर यात आहे, शुक्रवारी दुपारी बारा वाजता समितीपुढे वाचून दाखवीन, मग पाथरवटाने छिन्नी हातात घ्यावी. काय लिहिलंय ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. सदतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या या माणसाला एकदा तरी असं वाटलं होतं की गावाने आपल्या शब्दाची वाट पाहावी.

आता तो डीकनच्या दुकानात हातात रिकामा डबा घेऊन उभा होता.

डीकनने डब्यात बघितलं, मग त्याच्याकडे. आवाज न चढवता त्याने निकाल दिला. शुक्रवारी बारापर्यंत पत्र मिळालं नाही, तर समिती मतं घेऊन नाव ठरवील. आणि कपाटाची किल्ली मास्तरांकडून काढून घेऊन क्रेलसाहेबांना दिली जाईल.

लूशियन क्रेल गावात येऊन पुरती सात वर्षं झाली नव्हती. साप्ताहिक चालवायचा, आवाज घोगरा आणि भरदार, बोलायला लागला की बायका हातातलं काम थांबवायच्या. शनिवारचं ऐतिहासिक भाषण त्याला दिलं होतं. एनॉसला फक्त 'थोडी माहिती' पुरवायला सांगितलं होतं. त्या नऊ वह्याही आता त्याच माणसाच्या हातात जाणार होत्या.

मागे कुणीतरी खाकरलं. क्रेल दाराला टेकून उभा होता आणि त्याच्या हातात पेन्सिल होती.

२

रात्रीच्या जेवणाच्या आधी एनॉसने थर्झाला सगळं सांगितलं. थर्झा त्याची बायको. संसाराला चौतीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ती खिडकीपाशी गोधडीचे तुकडे जोडत बसली होती. शनिवारच्या प्रदर्शनात ठेवायची ती गोधडी. सहा कोनांच्या तुकड्यांची असल्याने प्रत्येक कापडाखाली त्याच आकाराचा कागद कच्च्या दोऱ्याने टाचलेला असायचा, म्हणजे कोन बिघडत नाहीत. काम पुरं झालं की कागद काढून टाकायचे. तिने मांडीवरचं ओझं जरा सरकवलं की सगळे कागद कुरकुरत.

"कागदच तो," ती म्हणाली. "जाऊ द्या."

एनॉसला ते लागलं. जुलैपासून रोज संध्याकाळी तो तिला त्या पत्रातलं काही ना काही सांगत आला होता. ऑरिला मार्श, तेवीस वर्षांची, सेहेचाळीस सालच्या हिवाळ्यात या नदीकाठी नवऱ्याबरोबर एकटी राहिली आणि वसंत उजाडायच्या आत तापाने गेली. टपालाचा खर्च वाचवायला तिने कागद आडवा लिहून झाल्यावर फिरवून त्याच ओळींवरून उभा लिहिला होता. जाळीसारख्या त्या शाईतून वाट काढताना एनॉसचे डोळे दुखायचे, तरी त्याला उठवत नसे. छपरातून बर्फ पडतं, असं तिने लिहिलं होतं. आरसा फुटला म्हणून बादलीतल्या पाण्यात बघून केस विंचरते, आणि दुसरी बाई कुठे दिसतच नाही म्हणून त्या पाण्यातलीलाच रोज सकाळी नमस्कार करते.

म्हणजे पहिली बाई ना पेटिबोनबाई, ना डीकनची आई. पहिली ऑरिला.

"कागद नव्हे, थर्झा," एनॉस म्हणाला. मग त्याने स्वतःच सूप वाढून घेतलं.

बुधवारी सकाळी तो समोरच्या घरी गेला. पेटिबोनबाईंची खिडकी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं बघायची, आणि बाईही तसंच.

"या मास्तर, बसा. टोपी मांडीवर घ्या, तुमच्या हाताला चाळा लागतो काहीतरी. मला चोर म्हणायला आलात ना?"

एनॉस अडखळत म्हणाला, तसं नाही. बाईंनी त्याला बोलूच दिलं नाही. स्वतःचाच पुरावा मी कशाला चोरीन, असं त्यांनी विचारलं. पत्रात आपलंच नाव आहे याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती. डब्यूकहून काळं रेशीम आणवलं होतं, शनिवारसाठी शिवून तयार होतं. त्यांनी ते कपाटातून काढून दाखवलंही. उलट ते पत्र सापडलं नाही तर डीकन समितीत आपली माणसं उभी करील, ही त्यांना धास्ती होती. त्यांची बोटं रेशमाची तीच घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती. एनॉसला खात्री पटली. या बाईने पत्र घेतलं असतं तर चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं असतं.

तो उठला तेव्हा बाई म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या घरी तपास करण्याआधी स्वतःच्या घरी बघा. थर्झाला बरं नाही का?"

"का?"

"सोमवारी तुमची दोरी दुपारपर्यंत रिकामी होती. चव्वेचाळीस वर्षं मी या खिडकीत बसते. सोमवारी आठनंतर थर्झाची दोरी कपड्यांविना कधी पाहिली नाही. घरात माणूस गेलं तरच असं होतं, मास्तर."

बटरनट फोर्डमध्ये सोमवार धुण्याचा, मंगळवार इस्त्रीचा. बायबलात लिहिलेलं नसलं तरी कुणी ते मोडत नसे. एनॉस सोमवारी दिवसभर पाथरवटाच्या अंगणात दगडाची मापं घेत होता. त्याला काही माहीत नव्हतं. रविवारी तिचं डोकं दुखत होतं, दुपारच्या प्रार्थनेलाही ती आली नव्हती, एवढं त्याने सांगितलं आणि बाहेर पडला.

डीकन मात्र दुकानात त्याची वाटच बघत होता.

३

कपाटाला दोनच किल्ल्या होत्या. दुसरी डीकनकडे, लाखेने बंद केलेल्या पाकिटात. त्याने पाकीट पुढे सरकवलं. लाखेवर मंडळाची मोहोर होती, सहा वर्षांपूर्वीची, एक चीरही नसलेली.

"माझी आई त्या पत्रात आहे, मास्तर. ते मला वाचायचंय. लपवायचं नाहीये," डीकन म्हणाला. त्याने पाकीट परत खणात ठेवलं. "म्हणजे तुमच्याच किल्लीने उघडलंय. ती कुठे असते?"

जाकिटाच्या आतल्या खिशात, दोरीला बांधून, एनॉसने सांगितलं. कधीच काढत नाही.

"रविवारीसुद्धा?"

रविवारी तो काळं जाकीट घालायचा. रोजचं करडं जाकीट खोलीत खुंटीला असायचं, किल्लीसकट. रविवार सगळा दिवस. त्याच्या मनात एकच नाव उसळलं, आणि ते उसळावं अशी त्याची किती इच्छा होती हे त्याचं त्यालाच जाणवलं. क्रेल. क्रेल रविवारी दुपारच्या प्रार्थनेला येत नाही. सगळं गाव चर्चमध्ये, क्रेल मोकळा, आणि पत्र गेलं तर किल्ली कुणाकडे येणार? क्रेलकडे.

तो जवळजवळ धावतच छापखान्यात गेला. डीकन त्याच्या मागे लागला, मास्तर, थांबा, असं म्हणत. आयुष्यात एनॉसने कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. त्यामुळे चढवायचा कसा ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि तो किनराच निघाला. तो क्रेलला म्हणाला की तू चोर आहेस. भाषण चोरलंस, माहिती चोरलीस, आता पत्रही.

यंत्रावरचा माणूस थांबला. क्रेलने शाईचे हात पुसले. तो चिडला नव्हता, हेच वाईट होतं. त्याने खणातून भाषणाचे कागद काढले आणि मधलं पान डीकनसमोर धरलं. पान अर्धं कोरं होतं. वर लिहिलं होतं, 'येथे पत्र संपूर्ण वाचणे.'

"भाषणाचा कळस तो आहे," क्रेल म्हणाला. "त्याशिवाय मी शनिवारी काय वाचू? बाजारभाव? आणि रविवारी दुपारी मी पेटिबोनबाईंच्या पडवीत होतो. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांना भाषण ऐकवत होतो. दोन तास. तुमच्या दाराच्या अगदी समोर, मास्तर. विचारा त्यांना. तुमच्या घरात ना कुणी गेलं, ना कुणी बाहेर आलं. एक मांजर तेवढी."

डीकन म्हणाला की पडवीतून क्रेलचा आवाज प्रार्थना संपून परतणाऱ्या अर्ध्या गावाने ऐकला होता. आपणही ऐकला.

एनॉसचे कान तापले. माफी मागायला हवी होती, पण तो दाराकडे वळला. क्रेलने त्याच्यासाठी दार उघडलं आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "तुम्हाला मीच चोर हवा होतो, नाही का?"

रस्त्यात एनॉस मध्येच थबकला. घरात कुणी गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. क्रेलने हे स्वतःला वाचवायला सांगितलं होतं. पण ते खरं असेल, तर करडं जाकीट खुंटीवर असताना त्या घरात एकच माणूस होतं.

४

तो लगेच घरी गेला नाही. नदीकाठी गेला, ऑरिलाची जुनी झोपडी जिथे असावी असा त्याचा अंदाज होता तिथे, आणि ओल्या गवतात बसला. त्याला वाटत होतं की आपण मूर्खासारखा विचार करतोय. नेहमीच वाटायचं. पण हिशेब काही केल्या बदलत नव्हता.

पत्र हरवल्याचा फायदा कुणाला? पेटिबोनबाईंना ते हवं होतं, कारण त्यांना वाटत होतं त्यात आपण आहोत. डीकनलाही हवं होतं, कारण त्याला वाटत होतं त्यात आई आहे. क्रेलला गर्दी रडवायला हवं होतं. पत्र नाहीसं व्हावं असं फक्त त्याच माणसाला वाटू शकत होतं, ज्याला त्यात कुणाचं नाव आहे ते ठाऊक होतं. आणि ते त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं, रोज संध्याकाळी, सूप थंड होईपर्यंत.

शाळेचं मागचं दार त्यांच्या परसात उघडायचं. पेटिबोनबाईंच्या पडवीतून ते दिसत नसे.

फितीची घडी. चोर घाईत होता असं कुणी म्हणू शकलं नसतं. ती घडी घालणाऱ्या हाताला घरातली प्रत्येक चिंधी घडी घालून ठेवायची सवय होती.

आणि सोमवारची रिकामी दोरी. चौतीस वर्षांत जी बाई वादळातसुद्धा आठच्या आत कपडे वाळत घालायची, तिने त्या सकाळी धुण्यापेक्षा मोठं असं काय काम केलं?

मंगळवारी ती मांडीवरची गोधडी सरकवत होती. कागद कुरकुरत होते. दर उन्हाळ्यात शाळेच्या जुन्या वह्या तो स्वतःच तिला तुकड्यांसाठी आणून द्यायचा. मुलांची चुकलेली गणितं, वळणदार अक्षरांचे सराव. गावातली कुठलीही बाई कागद वाया घालवत नसे.

गुरुवारी सकाळी थर्झा स्वयंपाकघरात लोणी घुसळत होती. दांडा वरखाली होत होता, एका लयीत. एनॉस काही न बोलता खिडकीपाशी गेला. खुर्चीवरची गोधडी उचलली आणि उलटी केली.

मागच्या बाजूला शाळेच्या वह्यांची पानं होती, पिवळी पडलेली, मुलांच्या अक्षरांची. पण मधोमध, जिथे सात तुकड्यांचं एक मोठं फूल होतं आणि त्याभोवती आणखी कडी होती, तिथे कागद निळसर होता. त्यावर शाईची जाळी होती. एका तुकड्यावर तो वाचू शकला, आडवं आणि उभं दोन्ही. 'बादलीत'.

दांड्याचा आवाज थांबला होता.

५

"किती आहेत?" त्याने विचारलं. विचारायचं दुसरंच होतं.

"बत्तीस," थर्झा म्हणाली. "कडेचे काही नीट बसले नाहीत. ते डब्यात आहेत, बटणांच्या. टाकले नाहीत."

ती एप्रनला हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी. एनॉस खाली बसला. आपण ओरडू असं त्याला वाटलं होतं, पण बुधवारी छापखान्यात जेवढं ओरडायचं होतं तेवढं संपून गेलं होतं.

ती आपणहून बोलू लागली, त्याच्याकडे न बघता. रविवारी जाळणार होती. शेगडीचं झाकण उचलून झालं होतं. पण जाळायच्या आधी बघावं तरी म्हणून उघडलं. ते उभंआडवं अक्षर तिला लागेना, म्हणून सोमवारी उजेड झाल्यावर खिडकीशी बसून वाचलं, शब्द न् शब्द. धुणं तसंच राहिलं. वाचल्यावर जाळवेना. आणि परत ठेवायलाही हात पुढे होईना.

"मग कापलंस?"

"मग कापलं. चांगला कागद होता. जाड," ती म्हणाली आणि एकदम तिचा आवाज फाटला. "जुलैपासून या टेबलावर आपण तिघं जेवतोय, अहो. ती काय बोलली, ती कशी हसत असेल, तिला थंडी कशी वाजली असेल. मला या घरात चौतीस हिवाळे थंडी वाजली. तुम्ही कधी विचारलंत? माझं नाव कशावर कोरणार आहे कुणी?"

"ती मेलेली आहे, थर्झा."

"म्हणून तर. जिवंत असती तर तिचंही सूप थंड झालं असतं. तुम्ही वहीतून वर बघितलं नसतं."

एनॉसला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी. तिने पुढे विचारलं की उसवून देऊ का. बत्तीस तुकडे, कच्चा दोरा, तासाभराचं काम. चिकटवून समितीपुढे ठेवता येतील. तिने सांगितलं की तसं केलं तर कात्री कुणी चालवली ते सगळ्यांना कळेल, पेटिबोनबाईंना सगळ्यांत आधी. हेही ती शांतपणेच म्हणाली. पण एप्रनला टोचलेली सुई काढून ती तिने मुठीत दाबून धरली होती.

त्याने गोधडी सरळ करून परत खुर्चीवर ठेवली.

रात्रभर दोघं एकमेकांकडे पाठ करून जागी होती, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

६

शुक्रवारी बाराला चर्चमध्ये समिती भरली. पेटिबोनबाई काळ्या रेशमात आल्या होत्या, एक दिवस आधीच. एनॉस उभा राहिला आणि खिडकीकडे बघत बोलला. पत्र आपल्या हातून गेलं, असं त्याने सांगितलं. चूक आपली. कुणी चोरलेलं नाही. क्रेलसाहेबांवर आपण खोटा आरोप केला, त्याची माफी. मग त्याने जाकिटाच्या आतून दोरी काढली, गाठ सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

कुणीतरी विचारलं, पत्रात होतं तरी काय? त्याला शब्द न् शब्द पाठ होता. पण कागदाशिवाय हे कोण मानणार? तो म्हणाला, "आता त्याचा उपयोग नाही." क्रेलने किल्ली उचलली. ती घेताना त्याने नजर खाली ठेवली, आणि त्याबद्दल एनॉस त्याचा आणखीच द्वेष करू लागला. मतं झाली. एका मताने पेटिबोनबाई जिंकल्या. पाथरवट तीन वाजता सुरुवात करणार होता.

घरी थर्झा टेबलाशी होती. समोर शाळेचा एक जुना पुठ्ठा होता आणि त्यावर निळसर षट्कोन जागच्या जागी चिकटवलेले होते. बटणांच्या डब्यातल्या कडासुद्धा. एकही तुकडा कमी नव्हता. गोधडीच्या मध्यभागी कापडं मऊ पडून सुरकुतली होती.

"काय सांगितलंत?"

त्याने सांगितलं.

तिने पुठ्ठ्यावरची एक सुटलेली कड अंगठ्याने दाबली. मग तिने विचारलं, आणि त्याला कळलं की गेल्या दोन महिन्यांत तिला मी की ती, हाच एक प्रश्न विचारायचा होता.

"मला वाचवायला खोटं बोललात? की तिचे तुकडे लोकांनी बघू नयेत म्हणून?"

एनॉसने उत्तर शोधलं. चर्चपासून घरापर्यंत चालताना त्यानेही हाच प्रश्न स्वतःला केला होता. खोटं उत्तर सोपं होतं आणि गोडही.

"मला माहीत नाही, थर्झा. खरंच माहीत नाही."

ती रागावेल असं त्याला वाटलं. ती उठली, शाल घेतली आणि पुठ्ठा छातीशी धरला.

"जुलैपासून पहिल्यांदा खरं बोललात," ती म्हणाली. "मी कापलंय ते मीच सांगते. तुमच्या खोट्याच्या आधाराने मला पेटिबोनबाईंसमोर बसायचं नाही. तिचं नाव दगडावर यायचं राहिलं तर उद्यापासून तुम्ही तिच्यासाठी झुरणार, आणि तेही मला ऐकावं लागेल."

"मी घेऊ का तो पुठ्ठा?"

"नको. तुम्ही बरोबर चला."

पावणेतीनला ते दोघं रस्त्याच्या मधोमध चालत पाथरवटाच्या अंगणात गेले, सगळ्या खिडक्यांसमोरून. पाथरवट पेटिबोनबाईंच्या नावाचा पहिला उभा दांडा खडूने रेखत होता. थर्झाने डीकनला बोलावणं पाठवलं, तो आला, त्याच्या मागे क्रेल आणि अर्धी समिती. तिने पुठ्ठा दगडावर ठेवला आणि सांगितलं की मी कात्रीने कापलं. का ते विचारू नका. वाचा.

डीकनने वाचलं. त्याची आई त्यात नव्हती. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. पेटिबोनबाईंचं नाव त्यानेच रुमालाने पुसलं. पेटिबोनबाई त्या दिवसापासून थर्झाशी बोलल्या नाहीत. डीकन मात्र दोघांनाही नमस्कार करत राहिला, कदाचित त्याची आईही हरली, पेटिबोनबाईही हरल्या, यात त्याला थोडं समाधान मिळालं असावं.

किल्ली क्रेलकडेच राहिली. मंडळाने एकदा ठरवलं ते ठरवलं. एनॉसनेही मागितली नाही.

शनिवारी चौकात दीडशे माणसं होती. दगडावर नाव होतं, ऑरिला मार्श, आणि खाली साल. गोधडी प्रदर्शनात मधल्या सुरकुत्यांसकट होती आणि बायका रांगेने येऊन त्या सुरकुत्याच बघत होत्या. भाषण सुरू होईपर्यंत थर्झा तिथून हलली नाही. कुणी कुजबुजलं की त्यांच्याकडे सरळ बघायची, ते गप्प होईपर्यंत.

मग क्रेल व्यासपीठावर चढला. त्याने पुठ्ठा उंच धरला आणि तो भरदार आवाज सगळ्या चौकावर पसरला. छपरातून पडणारं बर्फ. फुटलेला आरसा. बादलीतल्या पाण्यातलीला केलेला रोजचा नमस्कार. माणसं रडली. पेटिबोनबाईसुद्धा, रागाने का होईना.

क्रेल 'मला इथे कुणी नाही' ही ओळ चुकीच्या शब्दावर जोर देऊन वाचत होता. एनॉसला ते सहन होईना. ती ओळ तशी नव्हती. ती ओळ हळू होती, घाबरलेली होती, ती या माणसासाठी लिहिलेलीच नव्हती. ती दीडशे माणसांत वाटली जात होती, आणि वर त्या आवाजाला वाटत होतं की ती त्याचीच आहे. एनॉसचे कान तापले. उठावं, त्या हातातून तो पुठ्ठा हिसकावून घ्यावा, असं त्याला वाटलं. त्याच्या मुठी आपोआप वळल्या होत्या.

शेजारी येऊन बसलेल्या थर्झाने त्या मुठींकडे बघितलं. मग ती जरा वाकली, त्याच्या कानाशी, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"झोंबतंय ना?"

एनॉसने मान हलवली, हो म्हणून.

"हं," थर्झा म्हणाली, आणि त्याची मूठ दोन्ही हातांनी उलगडून आपल्या मांडीवर ठेवली.